व्हॉल्व्ह रेडिओचा सप्लाय : प्लगपासून फिल्टरपर्यंत, क्रमाने

माळ्यावरून किंवा जुन्या बाजारातून व्हॉल्व्हचा रेडिओ घरी आला की "लावून तर बघू" हा मोह कुणालाच आवरत नाही. वीस-पंचवीस वर्षं बंद असलेला सेट थेट २३० व्होल्टवर लावला, तर पहिल्या दोन मिनिटांत जे जायचं ते जातं, आणि बहुतेक वेळा जातो तो ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह मिळतात, कंडेन्सर मिळतात, डायलची दोरीसुद्धा मिळते. त्या सेटच्या मापाचा ट्रान्सफॉर्मर मात्र दुसरा सेट मोडल्याशिवाय मिळत नाही. म्हणून खाली दिलेला सगळा क्रम दोनच गोष्टी वाचवण्यासाठी आहे : तुम्ही आणि ट्रान्सफॉर्मर.

उदाहरणासाठी साधारण १९५५ ते १९६८च्या काळातला टेबल रेडिओ किंवा रेडिओग्राम घेतो. ठाण्याच्या मर्फीचा असो, फिलिप्स, बुश किंवा नॅशनल एकोचा असो, आतली मांडणी बरीचशी सारखी असते : ईसीएच८१, ईबीएफ८९, एक ट्रायोड, आउटपुटला ईएल८४ आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ईझेड८०. ट्रान्सफॉर्मरच्या एचटी (हाय टेन्शन, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या) वाइंडिंगची दोन टोकं ईझेड८०च्या दोन अ‍ॅनोडना जातात, मधला टॅप चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला). कॅथोडवर डीसी येतो, तो पहिल्या कंडेन्सरवर साठतो, मग १ किलोओहमच्या आसपासच्या रजिस्टन्समधून (महागड्या सेटमध्ये चोकमधून) दुसऱ्या कंडेन्सरवर. हे दोन्ही कंडेन्सर एकाच अ‍ॅल्युमिनिअमच्या डब्यात असतात, ५०+५० किंवा ३२+३२ मायक्रोफॅरडचे. सप्लाय एवढाच. मात्र "सप्लाय गेलाय" म्हणून जे सेट मेकॅनिककडे येतात, त्यांतल्या पुष्कळांचा सप्लाय चांगला असतो आणि त्याच्या पुढचं काहीतरी त्याला पिळून काढत असतं. एचटी कमी दिसली की लगेच कंडेन्सर आणि रेक्टिफायर बदलणाऱ्यांचे पैसे तिथेच वाया जातात.

आधी ओळखा : चॅसिस जिवंत आहे का?

व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. ई अक्षराने सुरू होणारे व्हॉल्व्ह (ईसीएच, ईएल, ईझेड) असतील तर फिलामेंट ६.३ व्होल्टचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आहे. यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२, यूवाय८५ अशी यू मालिका दिसली तर सावध. हे एसी/डीसी सेट. कोलकात्यासारख्या शहरांत काही भागांत घरोघरी डीसी वीज होती आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणून हे बनवले गेले. पुढे स्वस्त पडतात म्हणून सगळीकडे खपले. यांत सगळी फिलामेंटं १०० मिलिअँपिअरच्या एकाच साखळीत असतात आणि मेन्सची एक वायर सरळ चॅसिसला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खं चॅसिस फेजवर. अशा सेटच्या बटणांच्या स्क्रूवर कंपनीने मेण भरलेलं दिसतं ते याचसाठी, बोटाला तो स्क्रू लागू नये म्हणून. बटण काढलं असेल तर मेण परत भरा.

ई मालिकेच्या सेटमध्येही नुसत्या अक्षरांवर विसंबू नका, कारण काहींत ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे एकाच वाइंडिंगचा, मेन्सपासून वेगळं न करणारा. खात्री करायची पद्धत सोपी आहे. प्लग बाहेर, सेटचा स्विच ऑन, मीटर ओहमवर. प्लगच्या प्रत्येक पिनपासून चॅसिसपर्यंत मोजा. काहीच दाखवलं नाही तर चॅसिस वेगळं आहे. शून्य ते काही शे ओहम दाखवले तर चॅसिस मेन्सला जोडलेलं आहे, आणि १:१च्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्यावर काम करायचं नाही. डिमरस्टॅट (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारं यंत्र) म्हणजे आयसोलेशन असा एक गैरसमज आहे. डिमरस्टॅट स्वतःच ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो. त्यातून मेन्स जशीच्या तशी पलीकडे पोचते, फक्त कमी-जास्त होऊन.

ट्रान्सफॉर्मरच्या सेटला तीन पिनांची वायर घालून चॅसिस अर्थ करून घ्यावं. एसी/डीसी किंवा ऑटो-ट्रान्सफॉर्मरच्या सेटला मात्र ते कधीही करू नये.

विजेशी वागणं

चालू सेटमध्ये एचटी २५० ते ३०० व्होल्ट डीसी असते. घरातला आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) इथे तुम्हाला वाचवणार नाही, कारण तुमच्या अंगातून जाणारा करंट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीतून (आउटपुटच्या वाइंडिंगमधून) निघून तिथेच परत जातो, मेन्सला पत्ता लागत नाही. उलट आयसोलेशन लावल्यावर तर तो आणखीच आंधळा होतो. चालू सेटमध्ये एकच हात घालायचा, दुसरा पाठीमागे. मीटरची काळी वायर चॅसिसला क्लिपने आधीच लावून ठेवायची.

बंद केल्यावर कंडेन्सर रिकामे करण्यासाठी १० किलोओहम, ५ किंवा १० वॅटचा वायरवाउंड रजिस्टन्स घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्रोकोडाइल क्लिप लावा. १०० मायक्रोफॅरडवर त्याचा टाइम कॉन्स्टंट बरोबर १ सेकंद येतो, म्हणजे पाचेक सेकंदांत ३०० व्होल्टचे दोन-तीन व्होल्ट उरतात. मीटरने बघा, आणि काम संपेपर्यंत क्लिप काढू नका. मोठे कंडेन्सर रिकामे केल्यावरही थोडं व्होल्टेज पुन्हा वर आणतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे आजही भेटतात. त्याने कंडेन्सरच्या आतले जोड बिघडतात आणि ड्रायव्हरचं टोक वितळतं, एवढाच त्याचा फायदा.

प्लग न लावता होणारं काम

मागचं पुठ्ठ्याचं झाकण आणि चॅसिस काढा. धूळ ब्रशने झाडा आणि वास घ्या. जळलेल्या वार्निशचा वास, ट्रान्सफॉर्मरखाली ओघळून गोठलेलं डांबर किंवा मेण दिसलं तर तो कधीतरी चांगलाच तापलेला आहे. तेवढ्याने बाद समजू नका, पण लक्षात ठेवा.

मेन्सची वायर रबराची असेल तर वाकवून बघा. चुरा पडला तर बदला. आत चॅसिसमधून जाते तिथे ग्रोमेटही (भोकातलं रबरी कडं) नवा. मग मेन्सच्या दोन वायरींमध्ये किंवा वायर आणि चॅसिसमध्ये लावलेला जुना कागदी कंडेन्सर शोधा. हा एक भाग मी मोजत बसत नाही, दिसला की काढतो. तो २३० व्होल्टवर कायमचा ताण सोसत आलेला असतो आणि जातो तेव्हा शॉर्ट होऊन, धूर काढून जातो. त्याच्या जागी नवा घाला : मेन्सच्या दोन वायरींमध्ये एक्स२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा. मेन्स आणि चॅसिस यांमध्ये वाय वर्गाचा. साधा ६३० व्होल्ट डीसीचा कंडेन्सर इथे चालत नाही.

फिलिप्सच्या ट्रान्सफॉर्मरवर बऱ्याचदा एक छोटी स्प्रिंगची पट्टी दिसते, कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने डाग देऊन बसवलेली. तो थर्मल फ्यूज. ट्रान्सफॉर्मर तापला की डाग सुटतो, पट्टी उडते आणि सेट बंद पडतो. साध्या सोल्डरने तो जोडला की उद्या ट्रान्सफॉर्मर कितीही तापला तरी फ्यूज उडणार नाही. तिथे वायरचा तुकडा किंवा जाड डाग दिसला तर तुमच्या आधी कुणीतरी हा उद्योग केला आहे असं समजा, आणि मेन्सच्या वाटेत योग्य मापाचा स्लो-ब्लो फ्यूज घाला. टेबल रेडिओ साधारण ५० वॅट घेतो, म्हणजे पाव अँपिअरच्याही आत. त्याला ५०० मिलिअँपिअर पुरेसा होतो.

आता ओहम. प्रायमरी (मेन्सच्या बाजूचं वाइंडिंग) साधारण २० ते ६० ओहम. एचटीचा प्रत्येक अर्धा भाग, म्हणजे ईझेड८०च्या पिन १ आणि पिन ७पासून चॅसिसपर्यंत, शे-दीडशेपासून चारशे ओहमपर्यंत काहीही असू शकतो. हे दोन आकडे एकसारखे नसतात. एक भाग आत गुंडाळलेला, दुसरा त्याच्यावर. वरच्या वेढ्यांना तार जास्त लागते म्हणून त्याचे ओहम जास्त. १८० आणि २१० असा फरक पाहून ट्रान्सफॉर्मर बाद ठरवू नका. फिलामेंटचं वाइंडिंग एक ओहमच्याही खाली, म्हणजे मीटरला शॉर्टच वाटतं.

शेवटी ईझेड८०ची पिन ३ ते चॅसिस. मीटरचा काटा किंवा आकडा हळूहळू वर चढला पाहिजे, कारण मीटर कंडेन्सर भरत असतो. काही दहा किलोओहमच्या वर गेला तर ठीक. काही शे ओहमवर अडकला तर एचटीवर शॉर्ट आहे; तो शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ट्रान्सफॉर्मर एकटा तपासा

यासाठी सिरीज बोर्ड लागतो, म्हणजे फेजच्या वाटेत एक होल्डर आणि त्यात जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब. एलईडी किंवा सीएफएल इथे निरुपयोगी आहे. पिवळे बल्ब मिळेनासे होत चाललेत, तेव्हा ४०, ६० आणि १०० वॅटचे दोन-दोन घेऊन ठेवा.

सगळे व्हॉल्व्ह काढा. कोणता कुठला ते आधी फोटो काढून ठेवा. डायलचे बल्बही काढा. ४० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सेट चालू करा. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा जेमतेम लालसर राहिला तर प्रायमरी चांगली. बल्ब स्वच्छ पेटून राहिला तर ट्रान्सफॉर्मरला जोडलेलं काहीच नसतानाही तो करंट खातो आहे, म्हणजे आतले वेढे शॉर्ट. मात्र निकाल देण्याआधी डायलच्या बल्बच्या होल्डरमध्ये शॉर्ट नाही ना ते बघा. सहा व्होल्टची ती वायर खूपदा चॅसिसच्या कडेला घासून उघडी पडलेली असते, आणि बिचाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर आळ येतो.

चांगला निघाला तर एसी मोजा. फिलामेंटवर लोड नसताना ६.३ऐवजी ६.८ किंवा ७ दिसेल. ईझेड८०च्या पिन १ आणि पिन ७ला चॅसिसपासून सारखं व्होल्टेज, साधारण २५० ते २८०. तासभर असाच ठेवा. प्लग काढून हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर नाही.

व्होल्टेज सिलेक्टर कुठे आहे ते याच वेळी पाहा. १९५०-६०च्या दशकातल्या टॅपवर २००, २२०, २४५ असे आकडे असतात. आपल्याकडे नाव २३०चं असलं तरी रात्री उशिरा २४५ येणारी घरं पुष्कळ आहेत, तेव्हा सर्वांत वरचा टॅप धरावा. त्याचा खरा निकाल पुढे, सगळे व्हॉल्व्ह बसवल्यावर फिलामेंटवर लागतो : ५.७ ते ६.९च्या आत हवं, जितकं ६.३च्या जवळ तितकं बरं.

फिल्टर कंडेन्सर : बदलायचा की जागवायचा

इथे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, जुना इलेक्ट्रोलिटिक दिसला की कापून फेका. दुसरा मूळ पार्टाला हात लावू देत नाही. मला दोन्ही पटत नाहीत. डबा फुगलेला असेल, खालच्या रबरातून पांढरी पावडर किंवा चिकट द्रव आला असेल, तर विचार करू नका, बदला. बाहेरून स्वच्छ असेल तर एक संधी द्यायला हरकत नाही, कारण त्या काळातले चांगले डबे अजूनही उभे राहतात.

बरेच जण डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू चढवत नेतात आणि कंडेन्सर जागा झाला असं समजतात. व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या सेटमध्ये हे फसवं आहे. मेन्स ८०-१०० व्होल्टवर असेपर्यंत ईझेड८०चं फिलामेंट पुरेसं तापतच नाही, डीसी निघत नाही, कंडेन्सरला काही मिळत नाही. आणि बरंच वर गेल्यावर ते एकदम येतं. म्हणून ईझेड८० काढून ठेवा. दोन १एन४००७ डायोड घ्या, त्यांचे अ‍ॅनोड सॉकेटच्या पिन १ आणि पिन ७ला, दोघांचे कॅथोड एकत्र, आणि तिथून १०० किलोओहम २ वॅटचा रजिस्टन्स पिन ३ला. बाकीचे व्हॉल्व्ह बाहेरच. फिल्टरपासून पुढे जाणारी एचटीची वायर सोडवून ठेवलेली बरी, नाहीतर एखाद्या डिव्हायडर रजिस्टन्सचा करंट कंडेन्सरच्या नावावर चढतो. आता डिमरस्टॅट ६०-७० व्होल्टपासून सुरू करून तासा-तासाने वाढवा. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांनी १०० किलोओहमवरच भरवसा ठेवला तरी चालतं, फक्त कंडेन्सरवर छापलेलं व्होल्टेज ओलांडू देऊ नका. २५० व्होल्ट एसीचा शिखरावर ३५३ डीसी होतो, आणि डब्यावर बहुधा ३५० लिहिलेलं असतं.

मीटर १०० किलोओहमच्या दोन टोकांवर लावा. १०० व्होल्ट दिसले तर गळती १ मिलिअँपिअर. सुरुवातीला दोन-अडीच मिलिअँपिअर दिसलं तरी घाबरू नका. दर अर्ध्या तासाने आकडा उतरत गेला पाहिजे. शेवटी चालू व्होल्टेजवर ५० व्होल्टच्या खाली, म्हणजे अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत आला की डबा ठेवण्यासारखा आहे. आकडा दोन तास एकाच जागी अडला किंवा डबा कोमट झाला की संपलं. जागवल्यावर ईएसआर (कंडेन्सरचा आतला रजिस्टन्स) आणि कपॅसिटी दोन्ही मीटरने बघा. गळती नसलेला पण ५०चा १५ झालेला कंडेन्सर हमचं (स्पीकरमधल्या सततच्या गुणगुणीचं) घर असतो.

बदलताना ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट, १०५ अंशांचे घ्या. "मोठा लावू, हम आणखी जाईल" म्हणून पहिल्या जागी २२० लावण्याचा मोह टाळा. ईझेड८०ची मर्यादा ५० मायक्रोफॅरडची आहे. त्यापुढे प्रत्येक सायकलला भरणीचा झटका इतका मोठा होतो की कॅथोडचा लेप उडतो. दुसऱ्या जागी १०० लावलात तर चालेल. जुना डबा शोभेला वर राहू द्या, नवे चॅसिसखाली बसवा, पण जुन्याची जोडणी पूर्ण तोडा. नवा कंडेन्सर जुन्याला समांतर लावून सोडून देणं हा आळस आहे. जुना शॉर्ट झाला की नवा असूनही एचटी शॉर्टच. निगेटिव्ह टोक जुना डबा जिथे चॅसिसला टेकत होता तिथेच द्या. सोयीची दुसरी जागा पकडली की फिल्टरचा सगळा रिपल (डीसीवर उरलेला एसीचा अंश) चॅसिसच्या पत्र्यातून पहिल्या स्टेजच्या ग्राउंडपर्यंत फिरतो आणि कंडेन्सर नवे असूनही हम तसाच.

खरेदीबद्दल थोडं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. दोन्हीकडे ४५० व्होल्टचे मिळतात, पण वजनाला हलके, नाव पुसट छापलेले घेऊ नका. काउंटरवर मीटर लावू देणारा दुकानदार धरा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला "न्यू ओल्ड स्टॉक" इलेक्ट्रोलिटिक न्यू नसतो, ओल्डच असतो.

पहिलं पूर्ण चालू करणं

सगळे व्हॉल्व्ह बसवा, स्पीकर जोडलेला हवाच. सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब. मीटर ईझेड८०च्या पिन ३वर, डीसी ५०० किंवा ६०० व्होल्टच्या रेंजला. पहिल्या वीस-तीस सेकंदांत काही दिसणार नाही, मग आकडा चढू लागेल. या अर्ध्या मिनिटात डोळे ईझेड८०वर ठेवा. आत ठिणगी उडाली किंवा अ‍ॅनोडचा पत्रा लाल होऊ लागला तर ताबडतोब बंद. ईझेड८०चं फिलामेंट बहुतेक सेटमध्ये बाकीच्यांच्याच ६.३ व्होल्टवर असतं, आणि त्याचा कॅथोड मात्र २५० व्होल्टवर. आत फिलामेंट आणि कॅथोड एकमेकांना चिकटले की एचटी फिलामेंटच्या वायरीतून सरळ चॅसिसला शॉर्ट होते. सिरीज बल्ब नसता तर ते ट्रान्सफॉर्मरने भोगलं असतं.

बल्ब मंद झाला, एचटी २००च्या आसपास आली, काही तापत नाही, तर बल्ब काढून पूर्ण मेन्सवर या. आता हे वाचा आणि कागदावर लिहा : ईझेड८०च्या पिन ३वर २५० ते २८०, दुसऱ्या कंडेन्सरवर त्याहून वीस-पंचवीस कमी, ईएल८४च्या कॅथोडवर (पिन ३) साधारण ७ व्होल्ट, ईएल८४च्या ग्रिडवर (पिन २) शून्य. सेटचं सर्किट मिळालं तर त्यातले आकडे धरा. पण ते २० किलोओहम-प्रति-व्होल्टच्या काट्याच्या मीटरने घेतलेले असू शकतात, दहा टक्के इकडे-तिकडे होणारच.

एचटी कमी आली तर

इथे बहुतेक जण चुकीच्या टोकाला खोदतात. व्होल्टेज दोन कारणांनी कमी होतं : सप्लाय देत नाही, किंवा लोड जास्त ओढतो. कोणतं ते मीटर सांगतो. फिल्टर रजिस्टन्सच्या दोन टोकांवरचा ड्रॉप घ्या आणि ओहमने भागा. १.२ किलोओहमवर २४ व्होल्ट म्हणजे २० मिलिअँपिअर, हे निरोगी. त्याच रजिस्टन्सवर ७० व्होल्ट पडत असतील तर दुसरा कंडेन्सर किंवा त्याच्यापुढचं काहीतरी गळतं आहे.

मात्र बऱ्याच सेटमध्ये ईएल८४च्या अ‍ॅनोडचा करंट पहिल्या कंडेन्सरवरूनच जातो, फिल्टर रजिस्टन्समधून नाही. त्यासाठी कॅथोडवर मोजा. तिथला रजिस्टन्स बहुधा १३५ ते १५० ओहमचा असतो. ७.३ व्होल्ट भागिले १३५ म्हणजे ५४ मिलिअँपिअर, कंपनीच्या आकड्याबरोबर. १२ व्होल्ट दिसले तर ८९ मिलिअँपिअर. एकट्या ईएल८४ने ईझेड८०ची सगळी ऐपत (९० मिलिअँपिअर) खाल्ली. अशा सेटची एचटी १९०-२००वर येते, आवाज फाटतो, ट्रान्सफॉर्मर तापतो, आणि निदान होतं "रेक्टिफायर वीक".

गुन्हेगार बहुतेक वेळा एकच : ट्रायोडच्या अ‍ॅनोडपासून ईएल८४च्या ग्रिडला जाणारा कपलिंग कंडेन्सर. ०.०१ ते ०.०४७ मायक्रोफॅरडचा, मेण किंवा काळ्या लेपाचा. तो किंचित गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्ट येतात आणि व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढू लागतो. पिन २वर मीटर लावा. १ व्होल्टसुद्धा पॉझिटिव्ह असेल तर माफी नाही. मग सेट बंद करून ईएल८४ काढा, पुन्हा चालू करून रिकाम्या सॉकेटच्या पिन २वर तेच मोजा. व्होल्ट अजूनही आहेत : कंडेन्सर गळतो आहे, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर लावा. व्होल्ट गेले : कंडेन्सर बरा, ईएल८४च आतून गॅसी झालेला आहे. ईएल८४ काढल्यावर एचटी बरीच वर जाते, तेव्हा ही चाचणी अर्ध्या मिनिटात उरका.

लोड बरोबर आहे आणि तरी एचटी कमी, तर ईझेड८०कडे या. दोन्ही अ‍ॅनोडवर एसी सारखा येतो का बघा. एका बाजूचा नसेल तर सॉकेटची पिन किंवा वाइंडिंग तुटलेलं. सारखा असेल तर दुसरा ईझेड८० लावून पाहा. तो नसेल तर थोड्या वेळापुरते दोन १एन४००७, प्रत्येकाला १५० ओहम ५ वॅट सिरीजमध्ये, व्हॉल्व्हच्या जागी. एचटी वीस-तीस व्होल्टने वाढली तर व्हॉल्व्ह ठीकच होता. साठ-सत्तरने वाढली तर म्हातारा झालाय. हे डायोड कायमचे ठेवू नयेत असं माझं मत आहे. बाकीचे व्हॉल्व्ह थंड असताना, पहिल्याच क्षणी, लोड नसलेली पूर्ण ३५० व्होल्ट कंडेन्सरवर बसते, आणि ईझेड८० काही दुर्मीळ नाही.

हम

व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. हम तेवढाच राहिला तर फिल्टर किंवा आउटपुट स्टेज. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाला तर सप्लायला सोडून द्या, ऑडिओच्या पहिल्या स्टेजची शील्ड वायर बघा. फक्त जोरकस स्टेशन लागल्यावर, आकाशवाणीच्या मीडियम वेव्हवर येत असेल, तर तो मेन्सवरच्या कंडेन्सरचा किंवा शेजारच्या मोबाइल चार्जरचा प्रताप. चार्जर काढून बघायला पैसे पडत नाहीत.

फिल्टरचा हम १०० हर्ट्झचा, थोडा धारदार. फिलामेंटमधून शिरलेला ५० हर्ट्झचा, जास्त खोल आणि बोथट. ईझेड८०चा एक अ‍ॅनोड मेला असेल तर सप्लायसुद्धा ५०वर जातो.

रिपल मोजता येतो. मीटर एसीवर, लाल वायरला ०.१ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचा कंडेन्सर सिरीजमध्ये. ७० मिलिअँपिअर लोड आणि ५० मायक्रोफॅरड धरले तर पहिल्या कंडेन्सरवर शिखर-ते-दरी १४ व्होल्ट येतात, मीटरवर साधारण ४. दुसऱ्या ५० मायक्रोफॅरडचा १०० हर्ट्झला अडथळा ३२ ओहम. पुढे १ किलोओहम असला तर तिथे रिपल तिसाव्या हिश्शावर, म्हणजे ०.१३ व्होल्टच्या आसपास. पहिल्यावर १० दिसले तर पहिला गेला. पहिल्यावर ४ आणि दुसऱ्यावर दीड, तर दुसरा. अंदाज पक्का करायला सेट बंद करून, डिस्चार्ज करून, चांगला ४७ मायक्रोफॅरड क्लिपने त्या जागी लावा आणि मग चालू करा. चालू सेटमध्ये कंडेन्सर टेकवून बघू नका.

ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर आणि रिसीव्हर

१९७०-८०च्या दशकातल्या सेटना हाच क्रम लागतो, व्होल्टेज कमी आणि करंट जास्त एवढाच फरक. इथे रेक्टिफायर सिलिकॉनचा असतो, त्यामुळे डिमरस्टॅटने हळूहळू चढवणं खरंच उपयोगी पडतं. आखातातून सुटकेसमध्ये आलेल्या जपानी सेटच्या मागे सिलेक्टर असतो, तो आधी २४०वर आहे का बघा. फक्त जपानसाठी बनवलेला सेट निव्वळ १०० व्होल्टचा असतो आणि त्याला स्टेप-डाउन लागतोच.

स्पीकर काढून ठेवा. मोठ्या कंडेन्सरवर प्लस आणि मायनस दोन्ही रेल (सप्लायच्या वायरी) मोजा, समजा +३५ आणि −३५. एखाद्या व्होल्टहून जास्त फरक नको. एक रेल नसेल आणि स्पीकर जोडलेले असतील तर दुसऱ्या रेलचा डीसी सरळ व्हॉइस कॉइलमध्ये जातो. म्हणून स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजल्याशिवाय स्पीकर जोडायचे नाहीत. ५० मिलिव्होल्टच्या आत असला तर बिनधास्त. काही सेकंदांनी येणारा रिलेचा "टक्" आवाज आला नाही तर रिले बदलायला धावू नका. प्रोटेक्शन सर्किट बहुधा आपलं काम करत असतं.

ट्यूनर आणि प्री-अ‍ॅम्पसाठी झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड) आणि सिरीज ट्रान्झिस्टरचा छोटा रेग्युलेटर असतो. एमिटरवरचं व्होल्टेज झेनरपेक्षा ०.६ ते ०.७ कमी हवं. झेनरवरच कमी असेल तर झेनर किंवा त्याला करंट देणारा रजिस्टन्स. झेनर बरोबर आणि एमिटर शून्य असेल तर ट्रान्झिस्टर. या ट्रान्झिस्टरभोवती बोर्ड वर्षानुवर्षं भाजून तपकिरी झालेला असतो आणि डागांना गोल चिरा पडतात; भिंगातून बघा, जुनं सोल्डर काढून नवा डाग द्या. जपानी बोर्डांवर कंडेन्सर हलू नयेत म्हणून ओतलेला पिवळा डिंक कालांतराने तपकिरी होतो, वीज वाहू लागतो आणि डायोडच्या पायांना गंज चढवतो. तो लाकडी काडीने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, खालचे पाय हलवून बघा, काळे पडलेले असतील तर ते डायोड आणि रजिस्टन्स मोजत बसण्याऐवजी सरळ नवे लावा.